जर्मनीत एक्स्चेंज सेमिस्टरला येऊन सात आठवडे झाले, अजून मन रमत नाहीये, काय करू?

कृष्णाकाठ:

नमस्कार सगळ्यांना. इथलं मी बरेच दिवस वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या. मी मूळची सांगलीची, पुण्यात एमएस्सी मॅथ्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एका सेमिस्टरसाठी जर्मनीत आलेय. शहराचं नाव मुद्दाम टाकत नाही, छोटं गाव आहे, युनिव्हर्सिटीवरच चालणारं. सप्टेंबरच्या शेवटी आले, म्हणजे सात आठवडे झाले.

तसं बघायला गेलं तर सगळं नीट आहे. विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलमध्ये चौघींचा फ्लॅट आहे, खोल्या वेगवेगळ्या, किचन आणि बाथरूम कॉमन. डिपार्टमेंट सायकलने दहा मिनिटांवर. स्कॉलरशिप आहे. म्हणजे तक्रार करावी असं बोट ठेवून काही दाखवता येत नाही आणि म्हणूनच कोणाला सांगताही येत नाही की मग संध्याकाळ झाली की रडायला का येतं.

फ्लॅटमधल्या तिघींपैकी एक जर्मन आहे, एक तुर्कस्तानची, एक स्पेनची. वाईट कोणीच नाही. किचनमध्ये भेटल्या की हालो म्हणतात, आपलं ताट घेतात, खोलीत जातात आणि दार लावून घेतात. पहिल्या आठवड्यात मी कांदा-टोमॅटोची भाजी केली होती, मोहरी तडतडली तेव्हा जर्मन मुलीने येऊन काही न बोलता खिडकी उघडली आणि गेली. तेव्हापासून मी फोडणी घालणंच बंद केलंय, दही-भात, ब्रेड-चीज असं काहीतरी खोलीत आणून खाते.

अभ्यासाचं सांगते. लेक्चर इंग्लिशमध्ये आहे, प्रोफेसर फार छान शिकवतात, अजूनही खडूने फळ्यावर लिहितात. पण दर आठवड्याला एक शीट सोडवून द्यायची असते, प्रत्येक शीट २० मार्कांची, सेमिस्टरमध्ये १२ शीट्स आणि एकूण मार्कांपैकी ५० टक्के पडले तरच परीक्षेला बसू देतात. आत्तापर्यंत चार झाल्या, मला ६, ७, ५ आणि ६ मिळालेत. मी पुण्यात वर्गात दुसरी आहे हो. दोघांनी मिळून एक शीट दिली तरी चालते असं लिहिलंय, पण पहिल्याच तासाला सगळ्यांच्या जोड्या जमल्या होत्या, मग मी एकटीच देते.

परवा ११ नोव्हेंबरला संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर खालच्या रस्त्यावरून लहान लहान पोरं काठीला कागदी कंदील लावून गाणी म्हणत चालली होती, आईबाप मागून. त्यांचा कुठलासा सण होता. दिवाळी इथे मंगळवार-बुधवारसारखी येऊन गेली होती, लेक्चर, लायब्ररी, झोप, तेव्हा काही वाटलं नव्हतं, पण तो हातातला लाल कंदील बघितला आणि मला आमच्या गच्चीवरचा आकाशकंदील आठवला आणि जे रडायला लागले ते थांबेचना.

आईचा रोज रात्री जेवणं झाल्यावर दहाला फोन येतो. म्हणजे इथले साडेपाच, बाहेर काळोख झालेला असतो. मी सगळं मस्त चाललंय म्हणून सांगते आणि फोन ठेवला की पुढची संध्याकाळ जात नाही. खरं सांगायचं तर परतीचं तिकीट बघून ठेवलंय.

आणि एक छोटी शंका. पोस्टाने एक पत्र आलंय, रेडिओ-टीव्हीची फी भरा, महिन्याला १८.३६ युरो. माझ्याकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही. हे फ्रॉड आहे का?


हानोवरची मावशी:

अगं बाळा, आधी एक काम कर. आज संध्याकाळी फोडणी घाल.

मी बावीस वर्षं हानोवरला आहे, दोन मुलं इथेच वाढली, म्हणून सांगते. स्वैपाक करताना खिडकी उघडणं हा इथल्या माणसांचा रागबिग काही नसतो गं, ती सवय असते त्यांची. हिवाळ्यातसुद्धा सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं खिडकी सताड उघडतात, घराला बुरशी लागू नये म्हणून, भाडेकरारात लिहिलेलं असतं कित्येकदा. तूही उघडत जा, हीटर चालू आणि खिडकी दिवसभर बंद असं करू नकोस, भिंतीला ओल धरते. ती मुलगी आली, खिडकी उघडली, गेली. तिच्या लेखी विषय संपला. तुझ्या मनात मात्र सहा आठवडे तो चालू आहे.

इथला माणूस आपण होऊन येऊन चौकशी करत नाही. आपल्याकडे शेजारीण न विचारता आत येते, डब्याचं झाकण उघडून काय केलंय बघते. इथे तसं करणं म्हणजे दुसऱ्याला त्रास देणं. आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई होत्या, पहिलं अख्खं वर्ष मला वाटायचं यांना आपण आवडत नाही. मग एका रात्री मोठा लेक तापाने फणफणला, हे टूरवर, मी जाऊन त्यांची बेल वाजवली. बाई नाइटगाऊनवर कोट चढवून गाडी काढून आमच्याबरोबर हॉस्पिटलात आल्या आणि पहाटे चारपर्यंत बाकावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, इतके दिवस कधी बोलला नाहीत? म्हणाल्या, तुम्ही कधी बेल वाजवली नाहीत.

आता बेल कशी वाजवायची ते सांगते. श्रीखंड कर. इथे क्वार्क मिळतं कुठल्याही दुकानात, ते म्हणजे जवळजवळ आपला चक्काच. बिनफॅटचं घेऊ नकोस, रवाळ होतं, ४० टक्केवालं घे, पाव किलोचे दोन डबे. स्वच्छ पातळ सुती कापडात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीत ठेव, खाली वाटी. सकाळी पिठीसाखर घालून चमच्याने घोट, वेलची घाल, केशर असेल तर दुधात भिजवून. साखर आपल्यापेक्षा निम्मी घाल, इथे गोड कमी खातात. आणि फ्रीजवर कागद लाव की रविवारी चार वाजता आमच्याकडचं गोड खायला या. वेळ लिही, इथे वेळ लिहिल्याशिवाय कोणी येत नाही. रविवारच का, तर दुकानं बंद असतात, सगळे घरीच असतात. म्हणून क्वार्क शनिवारीच आण.

तूरडाळ आशियाई दुकानात मिळेल. कोथिंबीर, भेंडी, वांगी तुर्की दुकानात ताजी आणि स्वस्त. जेवणाकडे दुर्लक्ष करू नकोस, अर्धं रडू उपाशी पोटाचं असतं.


कागद आधी:

ते पत्र फ्रॉड नाही. तू पत्त्याची नोंदणी केलीस की तुझं नाव तिकडे आपोआप जातं. टीव्ही असो वा नसो, फी द्यावी लागते, पण ती माणशी नसते, घरटी असते. तुमचा चौघींचा मिळून एक फ्लॅट म्हणजे एकच फी. बाकी तिघींपैकी कोणीतरी आधीपासून भरत असणारच, तिला तिचा फीचा नंबर विचार आणि त्या पत्राला ऑनलाइन उत्तर दे की या घराची फी या नंबरवर भरली जाते. तीन महिन्यांचे ५५.०८ होतात, चौघींत वाटले तर तुझ्या वाट्याला १३.७७ युरो. पत्र टाकून देऊ नकोस, उत्तर दिलं नाहीस तर ते तुझ्या नावावर खातं उघडतात आणि मग निस्तरायला वेळ जातो.

आता न विचारलेलं सांगतो कारण एक्स्चेंजवाल्यांचं यातच चुकतं. शीटचे ५० टक्के मिळाले म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही, परीक्षेची ऑनलाइन नोंदणी वेगळी असते आणि तिची मुदत गेली की गेली, इथे आपल्यासारखी लेट फी भरून काम होत नाही. पोर्टल आजच उघड, तारीख बघ, फोनमध्ये टाक. दुसरं म्हणजे तुझ्या परतीच्या विमानाची आणि व्हिसा संपण्याची तारीख समोर ठेव. परीक्षा साधारण फेब्रुवारीत असतात, त्यात गेली तर दुसरा प्रयत्न बऱ्याचदा मार्चअखेर किंवा एप्रिलच्या तोंडावर, आणि तेव्हा तू पुण्यात असशील तर काय उपयोग. तिसरं, विषय बदलायचा असेल तर पुण्यातल्या कोऑर्डिनेटरला आत्ताच मेल करून मंजुरी घे, परत गेल्यावर क्रेडिट धरलं नाही म्हणून वर्ष अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि जाताना पत्त्याची नोंद रद्द करायची असते, निघायच्या आधी एक आठवड्यापासून करता येते.

तब्येतीचं काही झालं आणि दवाखाना बंद असेल तर ११६११७ ला फोन करायचा, अगदी इमर्जन्सी असेल तर ११२.

एक मत देतो, पटलं तर घे. भारतीय ग्रुपमध्ये फार अडकू नकोस. पाच महिन्यांसाठी आलीयेस, रोज संध्याकाळी हिंदी पिक्चर आणि बिर्याणीच करायची तर पुण्यातच बरं होतं.


आकडेमोड:

शीटबद्दल मी लिहितो, कारण मी या शीट्स सोडवल्याही आहेत आणि नंतर तपासल्याही आहेत. २०१६-१७ ला जर्मनीतल्याच ग्योटिंगन युनिव्हर्सिटीत एक्स्चेंजला गेलो आणि मग तिथेच मास्टर्स केलं.

आधी हिशोब करू. १२ शीट्स म्हणजे २४० मार्क, तुला हवेत १२०. आत्तापर्यंत मिळाले २४. राहिल्या ८ शीट्स, म्हणजे १६० पैकी ९६ हवेत, शीटमागे १२. वीसपैकी बारा. हे अजिबात हाताबाहेर गेलेलं नाही, फक्त एकटीने होणार नाही, आणि ते तुला गणित येत नाही म्हणून नव्हे. ही शीट एकट्या माणसाने सोडवावी अशी काढलेलीच नसते. आपल्याकडे आधी थिअरी, मग सोडवलेली उदाहरणं, मग तशीच उदाहरणं परीक्षेत. इथे लेक्चरमध्ये प्रमेय सांगतात आणि शीटमध्ये असं काही विचारतात की ज्याचा पत्ताच लागत नाही, आणि तसं ते ठरवूनच असतं. दोन-तीन जणांनी फळ्यासमोर उभं राहून तासन् तास डोकं खाजवायचं, चुकीच्या वाटेने जायचं, परत यायचं, त्यालाच तिथे शिकणं म्हणतात. आमच्या मॅथ्स इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी सातला सुद्धा फळ्यांवर पोरं असायची. माझी पहिली शीट ४ मार्कांची होती. दुसरी साडेतीन.

शीट सोडवून घेणारा जो ट्यूटर असतो, तो विद्यार्थीच असतो, तुझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं पुढचा. या आठवड्याच्या तासानंतर त्याच्याकडे जा आणि एवढंच सांग की मला अजून जोडीदार मिळालेला नाही. जर्मनमध्ये म्हणायचं असेल तर, इश झूखं नोख येमांडन फ्युअर दी आपगाब. इंग्लिशमध्ये म्हटलं तरी काही फरक पडत नाही. ट्यूटर म्हणून मी स्वतः प्रत्येक सेमिस्टरला अशा दोन-तीन जोड्या लावून दिल्या आहेत, कारण नोव्हेंबर उजाडला की अर्धे लोक कोर्स सोडतात आणि त्यांचे जोडीदार एकटे पडतात. म्हणजे आत्ता तुझ्या वर्गात तुझ्यासारखंच एकटं बसलेलं कोणीतरी नक्की आहे. मेल करू नकोस, समोर जाऊन बोल.

जोडीदार मिळाला की दिवस आणि वेळ पक्की करा. दर बुधवारी चार, असं. 'भेटू कधीतरी' हे इथे चालत नाही, मावशींनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. माझी तिथली एकूण एक मैत्री अशा ठरलेल्या वेळेतून झाली, गुरुवारची शीट आणि सोमवारचं युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्सचं बॅडमिंटन. पहिले तीन आठवडे फक्त शीटवर बोलायचो, चौथ्या आठवड्यात त्याने विचारलं की तुझ्या गावी नदी आहे का, आणि मग दोन तास आम्ही नदीवर बोलत बसलो.

थोडं विषयांतर. तिथे एकटं वाटायचं तेव्हा मला एका गोष्टीने फार धीर दिला. फ्रान्झ कीलहॉर्न नावाचा जर्मन विद्वान १८६६ ते १८८१ आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक होता, पुण्याच्या शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण शिकला, पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती त्याने काढली, आणि परत गेल्यावर १८८२ पासून ग्योटिंगनलाच शिकवत होता. पुढे १८८५ मध्ये त्याच युनिव्हर्सिटीने रा. गो. भांडारकरांना डॉक्टरेट दिली. मी लायब्ररीत बसून हे वाचलं तेव्हा मनात आलं, पंचविशीतला हा माणूस दीडशे वर्षांपूर्वी जहाजाने पुण्याला येऊन सोवळ्यातल्या शास्त्रीबुवांसमोर बसला, काय बोलला असेल पहिल्या दिवशी? व्हिडिओ कॉल नाही, काही नाही. त्याचं जमलं तर माझंही जमेल असं वाटायचं. पुणे आणि तिकडचा हा रस्ता जुना आहे, तू त्यावर एकटी नाहीस.


हानोवरची मावशी:

'कागद आधी', तुमचं बाकी सगळं बरोबर, भारतीय ग्रुपचं मात्र पटलं नाही. पोर सात आठवडे कोणाशी मनातलं बोललेली नाही. तिला आधी आपल्या भाषेत मोकळं होऊ दे. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपतीला, संक्रांतीला आम्ही जमतो, मुलं गाडीने दोन-दोन तास येतात, जेवतात, हसतात आणि सोमवारी ताजीतवानी होऊन लेक्चरला जातात. ते काय अडकणं झालं का?


कागद आधी:

मावशी, महिन्यातून एकदा जायला माझी काहीच हरकत नाही. मी माझ्यावरून बोललो. माझ्या पहिल्या वर्षात आम्ही नऊ जण होतो, सगळे नाशिक-पुण्याचे, एकाच मजल्यावर, आणि वर्ष संपलं तेव्हा मला इथल्या एकाही माणसाचा फोन नंबर माहीत नव्हता. त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून लिहिलं.


गोदाकाठ:

ताई, मी जर्मनीत नव्हतो, पोलंडला होतो, तेही एक्स्चेंजलाच, आणि मी सेमिस्टर अर्धवट टाकून डिसेंबरात परत आलो. म्हणून तुम्हाला लिहावंसं वाटलं.

परत येणं हे पाप नाही हे आधी सांगतो. मला घरी कोणी बोललं नाही, कॉलेजनेही पुढच्या सत्रात विषय घेऊ दिले. मला जे लागतं ते वेगळंच आहे. मी दोन महिने घरी रोज खोटं सांगत होतो. जेवलास का, हो. मित्र झाले का, हो, खूप. व्हिडिओ कॉलवर दिसेल अशा माझ्या मागच्या भिंतीवर मी मुद्दाम ग्रुपचा एक फोटो लावून ठेवला होता, त्यातल्या कोणालाच मी ओळखत नव्हतो, ओरिएंटेशनच्या दिवशीचा होता तो. आणि मग एक दिवस विमानतळावरून फोन केला की मी येतोय. आई घाबरून गेली, तिला वाटलं काहीतरी भयंकर झालंय. नंतर ती एवढंच म्हणाली, तू रडून सांगितलं असतंस तर मी रोज तुझ्याशी चार तास बोलले असते.

म्हणून ताई, आईला खरं सांगा. सगळं एकदम नको, एवढंच सांगा की संध्याकाळी करमत नाही. आणि फोनची वेळ बदला. रात्री दहाचा फोन म्हणजे तिथे अंधार पडल्यावर, तुम्ही खोलीत एकट्या असताना, आणि नंतर अख्खी संध्याकाळ समोर. त्यापेक्षा तुमच्या दुपारी एकला बोला, इकडे साडेपाच वाजलेले असतात, आई चहा घेत असेल. बोलून झालं की तुम्हाला लगेच लेक्चरला जावं लागेल, ते बरं असतं.

युनिव्हर्सिटीत काउन्सेलर असतात, विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी फुकट, इंग्लिशमध्येही बोलतात. वेड लागलेल्यांनीच जायचं असतं असा माझा समज होता म्हणून मी गेलो नाही. तुमची झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर तुम्ही जा. तिकीट बघून ठेवलंय म्हणता, राहू द्या, पण तारीख ठरवायच्या आधी वर सगळ्यांनी सांगितलेलं एकेकदा करून बघा.


कृष्णाकाठ:

मी हे सगळं दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. काय लिहू कळत नाहीये. गोदाकाठ दादा, माझ्या मागच्या भिंतीवर पण फोटो आहे हो, फ्लॅटमधल्या चौघींचा, पहिल्या दिवशी काढलेला.

रेडिओवाल्या पत्राचं झालं. तुर्कस्तानच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली जर्मन मुलगी भरते, तिच्या दारावर टकटक केली, पहिल्यांदाच. तिने फाइल काढली, त्यात सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावलेली, नंबर लिहून दिला आणि माझे १३.७७ किती तारखेपर्यंत द्यायचे तेही लिहून दिलं. एवढंच. पण दार उघडलं.

मावशी, पातळ सुती कापड नाहीये माझ्याकडे, जुनी कॉटनची ओढणी आहे, चालेल का? आणि वेलचीची तयार पूड मिळते तीच घेऊ का?


हानोवरची मावशी:

ओढणी धुवून, उकळत्या पाण्यातून काढून घे, उत्तम चालेल. रंग जाणारी असेल तर मात्र नको, श्रीखंड गुलाबी होईल. वेलची सोललेली मिळाली तर घे, चमच्याच्या पाठीने खोलीतच कुटून घे. पूड कधीची असते देव जाणे.


कृष्णाकाठ:

दहा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला.

ट्यूटरला तासानंतर गाठलं. जर्मन वाक्य पाठ करून गेले होते पण आयत्या वेळी इंग्लिशच बोलले. त्याने वही काढली, म्हणाला एक जण गेल्या आठवड्यापासून एकटाच देतोय, आणि मागच्या बाकावर बसलेल्या एका मुलाला हाक मारली. तो हा कोर्स दुसऱ्यांदा करतोय, फार कमी बोलतो, पण प्रूफ कुठे अडलंय ते त्याला लगेच दिसतं. आम्ही बुधवारी चारला भेटायचं ठरवलंय, लायब्ररीतल्या ग्रुपरूममध्ये. पहिल्या दिवशी दोन तासांत आमचा एकच प्रश्न सुटला, तोही मी सुचवलेल्या लेमावरून, म्हणजे एका छोट्या मदतीच्या प्रमेयावरून, तेव्हा तो बाकावर बोटांनी टकटक करून हसला, इथे लेक्चर संपल्यावर करतात तसं. पाचव्या शीटला १३ मिळाले. सहावी आत्ता दिलीय, निकाल यायचाय.

रविवारी श्रीखंड केलं. फ्रीजवर कागद लावला होता, वेळेसकट. तिघींपैकी दोघी आल्या, स्पेनच्या मुलीची कॅफेत ड्यूटी होती, तिच्यासाठी वाटी झाकून ठेवली. जर्मन मुलगी बरोबर चारला आली, येताना स्वतःचा चमचा घेऊन आली. खाऊन झाल्यावर म्हणाली क्वार्कचं असंही काही होतं हे मला माहीत नव्हतं, आणि साखर किती ग्रॅम घातलीस ते विचारून लिहून घेतलं. तुर्कस्तानची मुलगी म्हणाली, ऑक्टोबरात एकदा कशाचा तरी वास आला होता, काहीतरी तडतडत होतं, ते काय होतं? मी म्हटलं मोहरी. म्हणाली परत कर ना. तर काल केली, बटाट्याची भाजी, आणि खिडकी मी स्वतःच उघडून ठेवली.

आईला सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली मला कळत होतं गं, तू फोनवर फार लवकर हो म्हणायचीस. आता दुपारी एकला बोलतो, मी मेन्झात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, ताट घेऊन बसलेली असते आणि बाबा पण असतात चहाला.

संध्याकाळी अजून कधी कधी रडायला येतं. गेल्या गुरुवारी आलं होतं. काउन्सेलरची वेळ घेतलीय पुढच्या आठवड्याची. तिकिटाचं पान बंद केलंय. परीक्षेची नोंदणी केली, 'कागद आधी' दादा, खरंच मुदत जवळ आली होती, आणि मला कोणीच बोललं नव्हतं. कोऑर्डिनेटर सरांनाही मेल केला.

मावशी, एक विचारायचंय. पोळ्या करून बघितल्या, साध्या पांढऱ्या पिठाच्या, ४०५ लिहिलेलं होतं पुड्यावर. वातड झाल्या, थंड झाल्यावर तर चावतच नव्हत्या. इथे कणीक म्हणून काय घ्यायचं?


हानोवरची मावशी:

४०५ म्हणजे मैदाच गं तो, केकचा. १०५० नंबरचं गव्हाचं पीठ घे, नाहीतर अर्धं ५५० आणि अर्धं फोलकोर्न, म्हणजे कोंड्यासकटचं पीठ, असं मिसळ. कोमट पाण्यात सैलसर भिजव, तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेव. तिथल्या शेगड्या इलेक्ट्रिकच्या असतात, तवा आधी चांगला सात-आठ मिनिटं तापू दे, घाई केलीस तर पोळी वाळते आणि फुगत नाही. लाटणं नसेल तर काचेची बाटली घे, आणि बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकून डिपॉझिट परत घ्यायचं असेल तर पोळ्या झाल्यावर टाक.